दूध नको म्हणणारी नात

मागच्या दिवाळीत नात करडीला आली ती स्वतःचा शिधा घेऊनच. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, खजूर, भाजलेले फुटाणे आणि सोयाबीनच्या दुधाचे दोन कागदी डबे. इकडे तिची आजी चार दिवसांपासून चुलीपुढं बसलेली. बेसन साजूक तुपात भाजलेलं, करंज्यांत खवा, अनारशांनाही तुपाचाच हात. नातीनं सगळे डबे उघडून पाहिले, वास घेतला आणि चकली तेवढी उचलली. "आजी, यात लोणी नाही ना?" आजीनं माझ्याकडं पाहिलं. लोणी होतं. चकली परत डब्यात गेली.

शेजारच्या वहिनी दाराशी उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी. "दूद नाई, दही नाई, तूप नाई. मंग हे पोरगी खाते तरी का?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधाच होता. पुढं सहा महिने मी त्याचंच उत्तर शोधत राहिलो.

करडी म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या लोकांना तेल आठवतं. आमचं करडी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं, वैनगंगेपलीकडचं, आणि इथं जिकडंतिकडं धान. नात पुण्यात वाढलेली, अकरावीत शिकणारी, सोळा वर्षांची. दहावीच्या सुट्टीत तिनं मोबाईलवर दुधाच्या धंद्याबद्दलची एक चित्रफीत पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून दूध सोडलं. मांस-मासे आमच्या घरात माझ्या वडिलांनी माळ घातली तेव्हाच बंद झाले होते, त्यामुळं सोडायला दूधच उरलं होतं. याला 'व्हेगन' म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं. शब्द तसा जुना आहे. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी दूध-अंडीही न खाणाऱ्यांची संस्था काढली, तेव्हा तो बनवला गेला.

पहिल्या दोन दिवसांत मी आजोबाला शोभेलसा वाद घातला. आपले पूर्वज काय मूर्ख होते का, कृष्णानं लोणी खाल्लं नाही का, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "आबा, म्हशीला हल्या झाला तर त्याचं काय होतं हो?"

इथं मी गप्प बसलो. कारण त्याचं काय होतं हे माझ्याइतकं जवळून फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल.

मी बँकेत लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. 1980 साली तो देशभर लागू झाला आणि आम्हा ग्रामीण शाखांतल्या अधिकाऱ्यांच्या नशिबी म्हशी आल्या. अल्पभूधारकाला पंचवीस टक्के सबसिडी, सीमांत शेतकऱ्याला तेहतीस आणि एक तृतीयांश, अनुसूचित जाती-जमातींना पन्नास. उरलेलं कर्ज. म्हशीच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला टोचायचा, फॉर्मवर तिच्या शिंगांचं आणि कपाळावरच्या ठिपक्याचं वर्णन लिहायचं. ती मेली की शेतकरी बिल्ल्यासकट कापलेला कान कागदात गुंडाळून काउंटरवर आणून ठेवी. मी असे कान टेबलाच्या खणात ठेवलेले आहेत. पंचनामा होऊन क्लेम मंजूर होईपर्यंत त्यांचा वास खुर्चीला येत असे.

पण पारडांचा विमा नसे. कर्जाचा हप्ता दुधातून फेडायचा, म्हणजे दूध विकायचं, म्हणजे पारडाच्या तोंडातून काढायचं. वगार असली तर तिला थोडं सोडत. ती उद्याची म्हैस. हल्या असला तर चार-सहा आठवड्यांत त्याच्या बरगड्या मोजता येत. मग एक दिवस तो नसे. म्हैस पान्हा चोरू नये म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभं करायचे. वसुलीला गेलो असताना हे मी पाहिलं आहे, आणि पाहून वसुलीच्या वहीत 'दूध व्यवसाय समाधानकारक' असं लिहिलं आहे. हल्या नसता मारला तर हप्ता थकला असता, आणि थकबाकीची यादी वर पाठवताना माझी मान खाली गेली असती. नातीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तुझं म्हणणं खोटं नाही."

तेव्हा दूध सोडण्यामागचं तिचं कारण मला पटलं होतं. पटलं नव्हतं ते तिचं शरीर. गेल्या वर्षी हीच मुलगी तळ्याच्या पाळीवर माझ्या पुढं धावत होती. या वेळी चार पायऱ्या चढून गच्चीवर आली की कठड्याला टेकत होती. जीभ लाल, गुळगुळीत. तोंड आलेलं. पायाला मुंग्या येतात असंही एकदा बोलून गेली.

आणि इथं आमच्या घरात ती गोष्ट घडली, जी लिहावी की न लिहावी असा विचार मी बरेच दिवस केला. आजीनं तिच्या भातात गुपचूप तूप घालायला सुरुवात केली. गरम भातात चमचाभर, वर वरण. मला माहीत होतं. मी थांबवलं नाही. उलट तिसऱ्या दिवशी "पोरीला जरा रंग आला" असं आम्ही दोघं एकमेकांना म्हणालो. चौथ्या दिवशी ताटात थंड झालेल्या भाताच्या कडेला तुपाची कणी दिसली. ती ओरडली नाही. उठली, मोरीत गेली, तोंडात बोटं घालून सगळं ओकून आली. मग दोन दिवस तिनं आमच्या हातचं काही खाल्लं नाही. दुकानातून मुरमुरे आणून खोलीत बसून खात होती. त्या दोन दिवसांत आम्ही तिचं जे नुकसान केलं ते कुठल्याही दुधानं भरून येण्यासारखं नव्हतं. घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे : पोरांशी वाद घाला, भांडा, पण ताटात फसवू नका.

मुलगा तिला घ्यायला आला, पुण्याला गेल्यावर रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेनऊच्या आत. बी-12 जीवनसत्त्व असायला हवं त्याच्या निम्म्यानंही नाही.

आता हे बी-12 प्रकरण काय आहे ते जरा सांगितलं पाहिजे, कारण व्हेगन आहाराचा सगळा वाद शेवटी याच उंबरठ्यावर येऊन अडखळतो. हे जीवनसत्त्व झाड बनवत नाही आणि प्राणीही बनवत नाही; ते बनवतात जिवाणू. जनावराच्या पोटातून ते मांसात, दुधात, अंड्यात, माशांत येतं. डाळ, भाजी, फळ, तीळ, सोयाबीन, कशातही ते भरवशाचं मिळत नाही. लागतं किती? दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीत न दिसणारी कणी. पण ती नसेल तर रक्त बनत नाही आणि नसांचं वेष्टण झिजतं. मोठ्या माणसाच्या यकृतात दोन-चार वर्षांचा साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर लगेच काही होत नाही आणि माणूस म्हणतो, बघा, मी ठणठणीत आहे. साठा आधीच तोकडा असलेल्या वाढत्या मुलामुलींचं तसं नसतं. शिवाय पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर असेल तर रक्त वरवर ठीक दिसू शकतं आणि आत नसांची झीज चालूच राहते. ती वेळेवर थांबवली नाही तर कायमची होऊ शकते.

यात आपल्या गांधीजींची गोष्ट येते. करडीहून सेवाग्राम काही फार दूर नाही, आणि व्हेगन हा शब्द जन्मण्याआधी बत्तीस वर्षं त्या माणसानं दूध सोडलं होतं. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर, कॅलनबाख या मित्राबरोबर. गाई-म्हशींना दिला जाणारा त्रास हे एक कारण त्यांनीही सांगितलं आहे. माझ्या नातीचा प्रश्न फार वेगळा नव्हता. 1918मध्ये ते आमांशानं मरणाच्या दारात गेले, अंगात मांस राहिलं नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर दलालांनी दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही असं सांगितलं. व्रताचं काय? कस्तुरबा म्हणाल्या, तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं, आणि आपण व्रताचं शरीर पाळलं, आत्मा मारला, ही खंत आत्मकथेत मोकळेपणानं मांडली. पुढं आगाखान पॅलेसच्या तुरुंगात आरोग्यावर लिहिलं तेव्हाही, दूध हे खरं तर मांसासारखंच प्राण्याचं अन्न आहे पण त्याच्यावाचून शाकाहाऱ्याचं चालत नाही, अशीच त्यांची कबुली आहे. दुधाला वनस्पतींतला पर्याय त्यांनी आयुष्यभर शोधला, सापडला नाही.

तो सापडणं शक्यही नव्हतं. बी-12 शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं ते 1948 साली, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी. त्या वर्षाच्या जानेवारीत गांधीजी गेले होते. डोरोथी हॉजकिन या बाईंनी त्याची रचना 1956मध्ये उलगडली आणि 1964चं नोबेल मिळवलं. आज ते जिवाणूंकडूनच मोठ्या टाक्यांत आंबवून बनवतात आणि त्याची गोळी निघते. कुठल्याही म्हशीचा त्याच्याशी संबंध नाही. हे नातीला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणे खुर्चीत सरळ होऊन बसली. आधी इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. तिला वाटत होतं की गोळी घेणं म्हणजे हरणं. तसं नाही हे कळल्यावर तिनं एक दिवस चुकवलेली नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, जी आम्हा घरच्यांना सुचली नव्हती. सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्या. पाळी नियमित आहे का, वजन कमी करायचं मनात आहे का, कधी मुद्दाम उपाशी राहतेस का. या वयात काही मुली कमी खाण्याला एखादं थोर कारण चिकटवतात आणि घरच्यांना ते कळत नाही. आमच्या नातीचं तसं नव्हतं. पण विचारायला हवं होतं, आणि ते मोरीतल्या त्या ओकारीनंतर आम्हीच विचारायला हवं होतं.

मला वाटत होतं, दूध सोडल्यानं हे झालं. अर्धंच खरं. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर कित्येक वर्षं काम केलं आहे. पुणे आणि परिसरातले मध्यमवयीन पुरुष त्यांच्या चमूनं तपासले, त्याचे निष्कर्ष 2006मध्ये आले : तिघांतल्या दोघांत बी-12 कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. ही माणसं व्हेगन नव्हती. चहात दूध, ताटात ताक घेणारी, आपल्यासारखीच. 2016 ते 18च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी एकतीस टक्क्यांत ही कमतरता आढळली. म्हणजे नातीची तिजोरी दूध सोडण्याआधीच बहुधा अर्धी रिकामी होती. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चहाच्या कपातलं दोन चमचे दूध म्हणजेच दूध. याज्ञिकांनी पुढं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना 2012पासून रोज दोन मायक्रोग्रॅम बी-12 देऊन पाहिलं, तेही त्यांच्या पुढच्या पिढीच्या बाळांवर नजर ठेवून. सोळा वर्षांची मुलगी आज काय खाते याचा हिशेब असा दूरवर जातो.

थोरामोठ्यांच्या संस्था काय म्हणतात? एकमत नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकादमीनं 2016 साली म्हटलं होतं की नीट आखलेला व्हेगन आहार कोणत्याही वयात चालतो, कुमारवयातही. 2025चं त्यांचं नवं निवेदन फक्त प्रौढांपुरतं आहे. जर्मनीच्या पोषण संस्थेनं 2016मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी हा आहार सुचवत नाही असं सांगितलं. 2024मध्ये ती जरा मऊ झाली आणि या वयासाठी आम्ही हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, अशा ठिकाणी येऊन थांबली. बँकेत अशा शेऱ्याला आम्ही 'शाखाधिकाऱ्याच्या जबाबदारीवर' म्हणत असू.

मग जबाबदारी घेतली. मे महिन्यात नात पुन्हा आली तेव्हा मी एक जाड वही तयार ठेवली होती, डावीकडं जमा, उजवीकडं गरज. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे आहेत : तिच्या वयाला रोज प्रथिनं पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या थोडं वर, लोह तीस-बत्तीस मिलिग्रॅम. दोन पेले दुधातून साधारण पावणेपाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. ते कुठून आणायचं? नाचणीची भाकरी, सालासकट तिळाची चटणी, शेवग्याचा पाला. शेवगा आमच्या परसात आहे आणि इतकी वर्षं आम्ही शेंगा खाऊन पाला म्हशींना टाकत होतो. लोहासाठी डाळी आणि पालेभाज्या, वर लिंबू पिळायचंच, आणि जेवणाबरोबर चहा नाही. मासे नाहीत म्हणून जवस. जवसाची चटणी आमच्याकडं असतेच.

प्रथिनांशी आलो आणि मला लाखोळी आठवली.

भंडारा-गोंदियाकडं धान कापणीला यायच्या आधी, बांधीतला ओलावा असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघालं की खाली हिरवी लाखोळी उभी. शंभर ग्रॅममागे सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम प्रथिनं, तुरीहूनही जास्त. माझ्या लहानपणी इथल्या मजुराचं जेवण म्हणजे भात आणि लाखोळीचं वरण, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. दूध तर मालकाच्या घरचं. व्हेगन शब्द ऐकलेला नसताना माणसं सगळी वर्षं असं जेवली. मात्र एक फरक होता, आणि तो आता मला वहीत दिसतो : तळी होती. ढिवरांच्या जाळ्यातले झिंगे, बोटभर मासोळ्या, उन्हाळ्यात सुकवलेल्या. आठवड्यातून दोनदा मूठभर. तेवढ्या मुठीतून बी-12ची कणी सुटत असणार.

लाखोळीचा एक कलंक आहे. तिच्यात नसांना मारक असं एक द्रव्य असतं. दुष्काळात दुसरं काहीच नसताना महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडतात. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात मजुरीच लाखोळीत मिळणाऱ्या वेठबिगारांचं असं झालं. 1961च्या सुमारास तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं उपोषणं केली आणि 2008मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. भिजवून, उकळून, पाणी फेकून दिलं की विष बरंच उतरतं. रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी विषाच्या जातीही निघाल्या आहेत. तरी नातीला मी आठवड्यातून दोनदाच म्हटलं. बाकी दिवस तूर, मूग, हरभरा, सोयाबीन. एकाच खात्यात सगळी ठेव ठेवू नये.

त्या वहीवर आम्ही रोज संध्याकाळी बसत होतो. असं बसलेलो असताना एकदा भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी आईबरोबर आली. सातवीत आहे. नातीनं तिलाही वहीत घ्यायचं ठरवलं. "तू काल काय खाल्लंस?" भात, वरण, चटणी. परवा? तेच. दूध? चहात. नातीनं बेरीज केली आणि माझ्याकडं पाहिलं. आकडे तिच्या दिवाळीतल्या आकड्यांच्या खाली होते. "साळंत अंडा भेटत होता," पोरगी म्हणाली, "आता नाई भेटत."

2023च्या नोव्हेंबरात सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025मध्ये त्याचे पैसे बंद झाले. द्यायचं तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं असं ठरलं. आठवड्याला एक अंडं म्हणजे फार काही नाही. त्यात बी-12ची पाव कणी, सहा ग्रॅम प्रथिनं. पण या मुलीच्या जमेच्या बाजूला तेवढंच होतं.

नात बराच वेळ काही बोलली नाही. रात्री अंगणात खाटेवर आडवी होती तेव्हा म्हणाली, "आबा, मी अंडं खाणार नाही. पण तिला मिळायला हवं. हे दोन्ही एकदम म्हटलं तर चालतं का?" मी म्हणालो, चालतं. मग तिनं अंड्याची किंमत विचारली, तिच्या वर्गात किती पोरं आहेत ते विचारलं आणि वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करत बसली.

जाण्याच्या आदल्या दिवशी आजीनं तिच्यासाठी तिळाचे लाडू वळले, तेलात. वळताना तिला समोर बसवून घेतलं, डब्याचं झाकण उघडून तेल दाखवलं, वास घ्यायला लावला. नात म्हणाली, "राहू दे गं आजी, माहीत आहे मला." आजीनं तरी दाखवलंच. हिमोग्लोबिन आता अकरावर आलं आहे. बारा व्हायला हवं. पुढची तपासणी जुलैत आहे, वही ती पुण्याला घेऊन गेली आहे आणि दर रविवारी फोनवर मला आठवड्याची बेरीज वाचून दाखवते. कॅल्शियम अजून दोनशेनं कमी पडतं.